रिकाम्या गाडीचं वजन

सोमवारी सकाळी जीपचं बॉनेट उघडायचं, हा चौसाळ्याच्या नर्सबाईंच्या घरातला दोन वर्षांचा नेम होता. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या नवऱ्याला, आप्पांना, डायलिसिससाठी बीडला न्यावं लागे. गाडी तेवीस वर्षांची. मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली तर मशीनचा नंबर हुकणार, आणि नंबर हुकला तर रक्त धुवायला कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. म्हणून पाणी, ऑइल, पट्टा, ब्रेक, चाकातली हवा हे सगळं आदल्या दिवशीच एकेक करून बघायचं.

बघायचं नर्सबाईंनी, म्हणजे जानकीबाईंनी, आणि सांगायचं आप्पांनी. आप्पांच्या डाव्या हातात सुयांसाठी शीर जोडलेली होती, त्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. ते प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगणातल्या लिंबाखाली, अंगाभोवती शाल घेऊन बसायचे. जानकीबाई लुगड्याचा पदर खोचून बॉनेटमध्ये डोकं घालायच्या.

"पाना उलटा धरलाय."

"माझ्या हातात हाय, मला कळतंय."

"कळतंय तर नट कावून हलंना?"

"तुमी आवळलेला हाय म्हनून. तुमच्यासारखाच हाय, हट्टी."

आप्पा हसायचे. हसताना आताशा त्यांना धाप लागायची.

ही जीप त्यांनी वीस वर्षं चौसाळा ते बीड वडापला चालवली होती. आत दहा, मागं लटकून सहा, टपावर शेरडं आणि शेवग्याच्या शेंगांचे भारे. आठवडी बाजाराच्या दिवशी तर बॉनेटवरसुद्धा माणूस बसे आणि आप्पा त्याच्या बगलेतून रस्ता बघत गाडी हाणत. पोरीबाळी माहेरी जाताना याच जीपनं जायच्या. कोणाचं कुठलं घर, कोणाचा कुठला थांबा हे त्यांना तोंडपाठ होतं, कुणाला हात करावा लागत नसे. बजरंगआप्पांची जीप म्हटलं की अख्ख्या पट्ट्यात पत्ता लागायचा. जानकीबाई तेव्हा उपकेंद्रात नर्स होत्या. एकतीस वर्षं नोकरी झाली. निवृत्त होऊनही दहा वर्षं झाली, तरी गाव अजून त्यांना नर्सबाईच म्हणत होतं. गाडी चालवायला त्या साठीनंतर शिकल्या, आणि गाडीचं काम त्याहून उशिरा. पण शिकल्या त्या नीट. नर्सचा हात होता, घाई करत नसे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मंगळवार होता. बीडला दवाखान्याच्या फाटकापाशी जीप लावून जानकीबाई नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला आल्या, दार उघडलं, आप्पांना बगलेत धरून उतरवलं. आप्पा उभे राहिले. जानकीबाई दार लावता लावता थांबल्या.

काहीतरी राहिलं होतं.

माणूस उतरला की गाडी चाकावरच्या लोखंडी पाट्यांच्या कमानीवर करकरते आणि अंगठाभर वर येते. हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की एरवी लक्षातही आलं नसतं. आज करकरली नाही आणि वरही आली नाही. आप्पा जमिनीवर उभे होते, आणि जीप डाव्या अंगानं अजून दबलेलीच होती.

"काय बगतीस?" आप्पा म्हणाले.

"काय न्हाई. कमान बसली वाटतं."

घरी आल्यावर त्यांनी शिवणाची टेप आणली. चाकाच्या मधल्या बोल्टापासून मडगार्डच्या काठापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घेतलं. उजवीपेक्षा डावी दीड इंचानं खाली होती. चाकांत हवा सारखी होती. अंगण सपाट होतं. तरीही त्यांनी गाडी उलटी फिरवून लावली आणि पुन्हा माप घेतलं. दीडच इंच.

वाहेद मिस्त्रीचं गॅरेज हायवेला लागून होतं. वाहेदचे वडीलही मिस्त्री होते, ही जीप नवी असल्यापासून त्यांच्याच हाताखालून गेलेली. वाहेदनं उकिडवं बसून कमानीवर हातोडीनं दोन टोले मारले आणि कान लावल्यासारखं केलं.

"पाटा थकलाय नर्सबाई. जुनं लोखंड हाय. मानूस थकतंय, तसं तेबी थकतंय."

"पाटा दे मग एक. मी टाकते."

"तुमी? कमान खोलनार?" वाहेद हसला. "आप्पा, माझं दुकान बंद पाडता का ह्यांच्यापायी?"

"तिला सांगू नको," आप्पा गाडीतूनच म्हणाले. "ती तुझं बी ऑपरेशन करंल."

काम दोन दिवस चाललं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅकनं उचलून चौकटीखाली लाकडी ठोकळे दिले. यू-बोल्ट गंजले होते, त्यांच्यावर रात्रभर रॉकेल सोडलं. पाटे सुटे करून तारेच्या ब्रशनं घासले, मध्ये ग्रीस भरलं, एक नवा पाटा घातला आणि सगळे परत एकात एक बसवले. आप्पा खुर्चीतून सांगत होते. शेवटचा नट आवळून जॅक उतरवला तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा अर्धा इंच वरच होती.

"झाली की तरणी," आप्पा म्हणाले.

शुक्रवारी बीडला जाऊन आले. संध्याकाळी टेप लावली तर डावी बाजू पुन्हा दीड इंच खाली.

 सोमवारी त्यांनी दोन्ही कमानी खोलल्या आणि डावीची उजवीला, उजवीची डावीला बसवली. कमान खराब असेल तर आता उजवी बाजू दबायला हवी होती. दबली डावीच.

वाहेद स्वतः घरी आला. गाडीखाली झोपून त्यानं चौकट बघितली, बॉडीचे बोल्ट बघितले, शॉकअप काढून हातानं दाबून बघितला. बाहेर आला तेव्हा त्यानं हात पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"ह्ये कमानीचं न्हाई."

"मग कशाचं?"

"वजन हाय म्हना की त्या बाजूला."

"रिकामी गाडी हाय वाहेद. कशाचं वजन?"

"ते मी कसं सांगू?" वाहेद आप्पांच्या खुर्चीकडं बघत म्हणाला, आणि चहा न घेताच गेला.

वजन म्हटल्यावर जानकीबाईंना बरं वाटलं. वजन मोजता येतं. एकतीस वर्षं त्यांनी झोळीच्या काट्यावर लेकरं तोलली होती. आई म्हणायची, बाई, लेकरू बाळसं धरतंय. सासू म्हणायची, सुकतंय. काटा काय ते खरं सांगायचा. काट्यानं त्यांना कधी फसवलं नव्हतं.

गावाबाहेर हायवेच्या कडेला कापसाचं जिनिंग होतं. तिथल्या मोठ्या वजनकाट्यावर परमेश्वर बसायचा. चाळिशीचा गडी, जानकीबाईंच्याच हातावर जन्मलेला. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असूनही त्यानं त्यांची जीप मध्ये घेतली.

"काय भरलंय गाडीत नर्सबाई? कापूस तर दिसंना."

"काही न्हाई भरलं. रिकामीच तोल."

स्टेपनी, जॅक, पान्यांची पेटी, सगळं त्या घरी काढून आल्या होत्या. आरसी बुकावर रिकाम्या गाडीचं वजन चौदाशे ऐंशी लिहिलेलं होतं. पाटीवर लाल आकडे उमटले, चौदाशे पंच्याऐंशी.

"पाच किलो इकडंतिकडं चालतंय," परमेश्वर म्हणाला. "हा काटा पाच-पाचच्याच पायरीनं चढतो."

जानकीबाईंनी चिठ्ठी घेतली. दोन आठवड्यांनी पुन्हा गेल्या. चौदाशे नव्वद. टाकीत डिझेल तेवढंच होतं, त्यांनी काडी घालून बघितलं होतं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी त्या दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या. आत आप्पांचं मशीन चालू होतं. डायलिसिसची सिस्टर, रोहिणी, त्यांच्याकडं फाईल देऊन म्हणाली, "मावशी, आजोबा जेवतात का नीट? मशीननंतरचं वजन बघा जरा. सरांनी विचारलंय."

रकाना सरळ होता. दिवाळीत अठ्ठावन्न. मग छप्पन्न. साडेत्रेपन्न. एक्कावन्न. आज अठ्ठेचाळीस.

जानकीबाईंनी पर्समधून जिनिंगच्या दोन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि फाईलवर ठेवल्या. तारखा जुळवल्या. मग त्यांनी चिठ्ठ्या परत घडी करून ठेवल्या आणि बराच वेळ समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर बघत बसल्या.

असं होत नसतं, हे त्यांना कळत होतं. शिवाय दहा किलोनं कमान दीड इंच दबत नाही, हेही कळत होतं. हिशेब पुरता बसत नव्हता. पण जेवढा बसत होता तेवढा पुरे होता.

डॉक्टरांनी आत बोलावून स्पष्टच सांगितलं. पंचेचाळीसच्या खाली गेले तर शरीराला मशीन झेपणार नाही. मध्येच ब्लड प्रेशर पडेल. मग डायलिसिस थांबवावं लागेल.

थांबवलं तर किती दिवस, ते जानकीबाईंनी विचारलं नाही. त्या नर्स होत्या.

घरी परतताना गाडीत त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, गाडीत बसल्यावर तुमाला कसं वाटतं?"

आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर, वर संसार बांधलेले, एकामागं एक चालले होते.

"बरं वाटतं," ते म्हणाले. "हितंच काय ते बरं वाटतं. उतराय नगं वाटतं बग."

"आनि उतरल्यावर?"

 "उतरल्यावर सगळाच उतरलो असं वाटत न्हाई."

पुढच्या आठवड्यापासून जीप लिंबाखाली उभी राहिली. वाहेदची स्वतःची छोटी कार होती, तो मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान बंद ठेवून आप्पांना नेऊ लागला. का, ते त्यानं विचारलं नाही. तीन वेळा वजन झालं. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. उतरण थांबली होती. जानकीबाईंनी देवापुढं गूळ ठेवला.

पण वजन वाढतही नव्हतं. शिरा केला, अंड्याचं पांढरं दिलं, हळीवाच्या वड्या दिल्या. आप्पा दोन घास खायचे आणि जीपकडं बघत बसायचे.

"उभी गाडी मरती जानके. चालू तर कर."

जानकीबाई रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू करायच्या. तेवढा वेळ आप्पा डोळे मिटून ऐकायचे. एके दिवशी त्या भाकरी थापत होत्या तेव्हा बाहेर दाराचा आवाज झाला. जाऊन बघतात तर आप्पा जीपच्या डाव्या सीटवर जाऊन बसलेले, एक कोपर खिडकीवर टेकून. कसे गेले, कसे चढले, कोण जाणे. त्यांना उतरवताना जानकीबाईंना जोर लावावा लागला नाही. तेच त्यांना आवडलं नाही.

थंडी वाढली. आप्पांना दोन दिवस ताप आला. पुढच्या मशीननंतर वजन शेहेचाळीस भरलं.

डॉक्टर म्हणाले, "मंगळवारी बघू. पण आजी, मनाची तयारी ठेवा."

त्या रविवारी जानकीबाईंनी पुष्कळ विचार केला. जे गेलं होतं ते कुठं गेलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते नाहीसं झालेलं नव्हतं, काट्यावर दिसत होतं. दिसत होतं तर परत घेता आलं पाहिजे. त्यासाठी आधी कळायला हवं होतं की जातं कधी. बसल्यावर, चालताना, की उतरताना?

लेकरू काट्यावर ठरत नसलं, हातपाय झाडत असलं, की त्या एक युक्ती करायच्या. आईसकट तोलायचं, मग एकट्या आईला तोलायचं. मधली वजाबाकी म्हणजे लेकरू. तेच करायचं त्यांनी ठरवलं. आप्पांसकट जीप, मग आप्पांवाचून जीप. आप्पा उतरताना आकडा शेहेचाळीसनं खाली यायला हवा. जेवढा कमी येईल, तेवढं उतरताना मागं राहतंय. कळलं तर पुढं बघता येईल.

मंगळवारी दुपारी दोनचा नंबर होता. बाराला त्यांनी वाहेदला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. स्टेपनी आणि पेटी आजही घरी ठेवून जीप काढली. आप्पा आपणहून चढले आणि कोपर खिडकीवर ठेवून बसले.

जिनिंगच्या फाटकात दोन ट्रॅक्टर होते. ते गेल्यावर परमेश्वरनं जीप काट्यावर घ्यायची खूण केली. हवेत कापसाचे तंतू उडत होते. जानकीबाई स्वतः उतरल्या, चालत पत्र्याच्या शेडकडं गेल्या आणि पाटीकडं बघितलं.

पंधराशे पस्तीस.

म्हणजे बरोबर होतं. गाडी चौदाशे नव्वद आणि वर आप्पा. त्या परत आल्या, डावं दार उघडलं.

"उतरा. सावकाश. एक पाय. आता दुसरा."

आप्पा उतरले. जानकीबाईंनी दार लावलं आणि त्यांना दंडाला धरून काट्याच्या लोखंडी पाट्यावरून खाली, केबिनच्या मागं, शेडमधल्या बाकड्यापर्यंत आणलं. मग वळून पाटीकडं बघितलं.

पंधराशे पस्तीस.

त्या थांबल्या. आकडे स्थिर व्हायला कधी कधी वेळ लागतो.

पंधराशे पस्तीस.

परमेश्वर इतका वेळ आधीच्या ट्रॅक्टरची पावती लिहीत होता; आता केबिनच्या खिडकीतून त्याला फक्त काटा आणि काट्यावरची गाडी दिसत होती. त्यानं डोकं बाहेर काढून आवाज दिला, "नर्सबाई, आप्पांला उतरवा की आता. रिकामी घ्यायचीय ना?"

जानकीबाईंनी जीपकडं बघितलं.

जीप डाव्या अंगाला दबलेली होती. डाव्या खिडकीवर एक कोपर टेकलेलं होतं. सदरा तोच होता.

त्यांनी हातातल्या दंडाकडं बघितलं. आप्पा शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा दिसत होता आणि ते त्यांच्याकडंच बघत होते. दंड हातात होता, पण हातात नुसती बाही असावी तसा.

"काय झालं गं?" आप्पा म्हणाले.

मागं एका ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.

काटा खोटं बोलत नव्हता. तो काय दाखवत होता ते त्यांना दिसत होतं.

"काही न्हाई," जानकीबाई म्हणाल्या. "तुमी बसा हितं. मी डिझेल टाकून येते."

आप्पा बाकड्यावर बसले. बाकडं हललं नाही.

"लवकर ये," ते म्हणाले.

जानकीबाई उजव्या बाजूनं गाडीत चढल्या. डावीकडं बघितलं नाही. किल्ली फिरवली. पहिला गिअर टाकला.

फाटकाबाहेर हायवेला लागल्यावर त्या समोर बघत म्हणाल्या, "बसलात का नीट?"

"हां. चल, येळ होतोय."

आवाज भरदार होता. दोन वर्षांपूर्वीचा.

 घाटाच्या उताराला शेजारून "तिसरा टाक" असं ऐकू आलं आणि त्यांनी तिसरा टाकला.

दवाखान्याच्या फाटकाशी तो आपला आपण उतरला. जीप करकरली आणि वर आली.

रोहिणी सिस्टरनं वजन दोनदा घेतलं. मग दुसऱ्या खोलीतला काटा आणून तिसऱ्यांदा घेतलं. अठ्ठावन्न. तिनं घाबरून डॉक्टरांना बोलावलं. चार दिवसांत बारा किलो म्हणजे अंगात पाणीच साठलेलं असणार. डॉक्टरांनी नडगी अंगठ्यानं दाबली. खळगा पडला नाही. छाती तपासली, स्वच्छ होती. ब्लड प्रेशर उत्तम. त्यांनी फाईल पुन्हा चाळली आणि म्हणाले, "मागची वजनं चुकीची घेतलीत तुम्ही लोकांनी. उगाच आजींना घाबरवलं."

"मी स्वतः घेतली होती सर," रोहिणी म्हणाली.

"मग काटा चुकला असेल. लावा मशीन. काही धोका नाही."

मशीन लागलं. नळ्यांतून रक्त फिरू लागलं. जानकीबाई खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. गालांवर रंग होता. श्वास एकसारखा चालला होता. बऱ्याच महिन्यांनी झोपेत तोंड मिटलेलं होतं. हवं होतं ते सगळं समोर होतं. त्यांनी चादर सारखी केली. करताना बोटं त्याच्या हाताला लागली आणि त्यांनी ती काढून घेतली.

पावणेपाचला मोबाईल वाजला. परमेश्वर होता.

"नर्सबाई, कुठं हायत?"

"बीडला."

"आवो, आप्पा हितंच हायत. शेडमदी बाकड्यावर. मला आत्ता दिसले, बंद करायला बाहेर आलो तवा." तो थांबला. "पन तुमी तर त्यांला गाडीत बसवून घिऊन गेलता. मी सोता बगितलं."

जानकीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जानकी कवा येती, म्हनून तीनदा इचारलं त्यांनी. गारठा सुटलाय. आंगावर शाल बी न्हाई." परमेश्वरचा आवाज बारीक झाला. "मला काय कळंना झालंय नर्सबाई. काटा पाचला बंद होतो, गेटला कुलूप लावावं लागतंय. काय करू?"

मशीन सहाला सुटणार होतं. घरी पोचायला सात.

बाळंतपणाला त्या रात्री-अपरात्री जायच्या तेव्हा आप्पा कुणाच्या तरी अंगणात जीप लावून बसून राहायचे. थंडीत, पावसात. लेकरू रडल्याचा आवाज आला की बाहेरून एकदा हॉर्न द्यायचे. पहाटेपर्यंत थांबावं लागलं तरी कधी कुरकूर केली नाही. त्या बाहेर आल्या की म्हणायचे, झालं का?

"नर्सबाई? ऐकू येतंय ना?"

जानकीबाईंनी खाटेकडं बघितलं. मशीनच्या पडद्यावर हिरवे आकडे सरळ चालले होते.

"येतंय," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या येळेला गेट लाव."

"आन आप्पा?"

त्यांनी फोन बंद केला आणि मांडीवर पालथा ठेवला.  बाहेर कुणीतरी बादली सरकवली. रोहिणी येऊन नळी बघून गेली.

खाटेवरचा माणूस डोळे न उघडता म्हणाला,

"अजून बसलाय व्हय तिथं?"